आधी चुंबकत्व की आधी रोधकत्व?

निकेल ऑक्साइडची फिकट हिरवी पूड दिसायला साधी, पण १९३७ साली तिने भौतिकशास्त्रज्ञांची चांगलीच पंचाईत केली. निकेलचा 'डी' पट्टा, म्हणजे तिथल्या इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या ऊर्जापातळ्यांचा एक गट, अर्धवट भरलेला. अशा पट्ट्यांवरून वीजवहन सांगणाऱ्या तेव्हाच्या बँड थिअरीच्या हिशेबाने तिच्यातून वीज वाहायलाच हवी. प्रत्यक्षात ती पक्की विद्युतरोधक. डे बूर आणि फेरवे या डच संशोधकांनी ब्रिस्टलच्या परिषदेत हे कोडं मांडलं, तेव्हा रुडॉल्फ पायर्ल्स यांनी सुचवलं की इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून जागचे हलत नसावेत. हा धागा पकडून नेव्हिल मॉट यांनी १९४९ मध्ये आपली मांडणी केली: रोधकत्व येतं ते या ढकलाढकलीतूनच, त्याला चुंबकत्वाची गरज नाही.

त्याच वर्षी शल आणि स्मार्ट यांनी न्यूट्रॉनचा मारा करून दाखवलं की मँगनीज ऑक्साइडमध्ये अणूंचे स्पिन, म्हणजे त्यांची इवली चुंबकं, आळीपाळीने उलटसुलट लागलेले असतात. यालाच अँटिफेरोमॅग्नेटिक रचना म्हणतात: आत चुंबकत्व भरलेलं, बाहेरून बेरीज शून्य. मग १९५१ मध्ये जॉन स्लेटर यांनी वेगळीच बाजू घेतली. या उलटसुलट रांगेमुळे स्फटिकाचा मूळ घटक, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा सर्वांत छोटा तुकडा, मोठा होतो, पट्टा भरलेल्या आणि रिकाम्या भागांत दुभंगतो आणि वीज अडते. म्हणजे रोधकत्व हे चुंबकत्वाचं अपत्य. कल्पना देखणी होती. पण निकेल ऑक्साइड सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या वर नेलं की ही रांग मोडते, आणि तरीही ते रोधकच राहतं. मला तर एवढ्यावरच स्लेटर यांची बाजू लंगडी वाटते.

वाद मिटला मात्र नाही, कारण १९५९ मध्ये बेल लॅबमधल्या मॉरिन यांनी व्हॅनेडियमची ऑक्साइडं पुढे आणली. व्हॅनेडियम सेस्क्विऑक्साइड (V₂O₃) एरवी धातूसारखी वीज वाहतं, पण उणे १२० अंश सेल्सिअसच्या आसपास गार केलं की विद्युतरोध एकदम लाखो पटींनी चढतो, आणि त्याच तापमानाला चुंबकीय रांगही लागते. त्याच वेळी स्फटिक टक्काभर फुगतो. गार होताना फुगणं ही उलटीच तऱ्हा, आणि त्या ताणाने चांगला वाढवलेला स्फटिक अनेकदा तडकतो. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा तुकड्यांवरून कसं ठरवायचं?

मॉरिन यांनी व्हॅनेडियम डायऑक्साइडलाही याच माळेत ओवलं. त्याचं संक्रमण ६८ अंशांना होतं, म्हणजे चहाच्या कपातल्या उष्णतेवर. पण तिथे चुंबकीय रांग सापडलीच नाही. थंड अवस्थेत व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून बसतात, जोडीतले स्पिन एकमेकांना संपवतात आणि चुंबकीय प्रतिसाद एकदम घसरतो. इथे चुंबकत्व जागं होण्याऐवजी निजतं.

१९६९ मध्ये बेल लॅबमध्येच सेस्क्विऑक्साइडमध्ये थोडं क्रोमियम मिसळलं गेलं. एक टक्का पुरतो: साध्या खोलीच्या तापमानाजवळ, कुठलीही चुंबकीय रांग नसताना, धातूचा रोधक होतो, तोही तापवल्यावर! मॉट यांची बाजू एवढी उघडी क्वचितच दिसते.

१९९१ नंतर निकेलेटांनी, म्हणजे निकेल, ऑक्सिजन आणि आणखी एक मूलद्रव्य असलेल्या संयुगांनी, मात्र पुन्हा घोळ घातला. निओडिमियम निकेलेटमध्ये गार होताना सुमारे २०० केल्विनला रोधकत्व आणि चुंबकीय रांग हे दोन्ही बदल एकदमच होतात. समेरियम निकेलेट ४०० केल्विनलाच रोधक बनतं, त्याची चुंबकीय रांग मात्र सुमारे २२५ केल्विनपर्यंत गार झाल्यावरच लागते. घराणं तेच, फक्त एक मूलद्रव्य बदललेलं.