लोककलांचा अर्थाश्रय (कोकण)

कोकण किनारपट्टीवरील लोककलांना ग्रामसमाज, देवस्थाने, मुंबईतील चाकरमानी आणि शासन यांच्याकडून मिळणारा आर्थिक आधार. त्यातील सर्वांत जुना मार्ग जत्रेचा होय. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कार्तिकापासून सुरू होणाऱ्या जत्रांमध्ये देवळापुढे रात्रभर दशावतारी नाटक रंगते. त्याला तिकीट नसते, कारण मंडळाची बिदागी गाव किंवा देवस्थान देते आणि त्यामुळे मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत कोणालाही ते पाहता येते. रत्नागिरीकडील नमन-खेळे (लोकनाट्य) व जाखडी (समूहनृत्य) यांचा खर्च वर्गणीतून आणि चाकरमान्यांच्या मंडळांकडून भागतो.

पिंगुळी (ता. कुडाळ) येथील ठाकर समाजाच्या चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला) व कळसूत्री बाहुल्यांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. पुढे परशुराम गंगावणे यांनी ही परंपरा नेटाने चालवून घराच्या गोठ्यातच तिचे संग्रहालय उभारले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

शासनाचे साहाय्य मुख्यतः ज्येष्ठ कलावंतांचे मानधन, स्पर्धा, महोत्सव आणि नाट्यगृहे यांवर खर्च होते. मानधन आवश्यकच आहे. पण ते उतारवयात मिळते, आणि पखवाज किंवा पायपेटी शिकण्याच्या वर्षांत मुलाच्या हाती काहीच पडत नाही. महोत्सवात रात्रभराचे नाटक तासाभरात आटोपावे लागते आणि खर्चाचा मोठा भाग मंडप, दिवे व ध्वनिक्षेपक यांवर जातो (सत्कारांचा वेळ वेगळाच). हाच पैसा जत्रांची बिदागी, गुरूंचे मानधन आणि पोशाख-वाद्यांची दुरुस्ती यांसाठी दिला, तर तो त्या गावाच्याच उपयोगी पडेल.

तथापि लोकाश्रय निर्दोष होता असे मानता येत नाही. देवळाच्या पैशाबरोबर मानपानाची उतरंड येते, आणि दशावतारात स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. सार्वजनिक निधी सर्वांच्या करातून येत असल्याने मुलींना व आजवर बाहेर राहिलेल्या वाड्यांना शिकण्याची संधी देण्याची जबाबदारी त्याच्यावर अधिक आहे. ती पार पाडताना कथानक किंवा सादरीकरण ठरवण्याचा अधिकार मात्र कलावंतांकडेच राहावयास हवा.

लोकाश्रयाला राखीव गंगाजळी नसते, हे करोनाकाळात दिसले. जत्रांवर निर्बंध आल्यावर रोजच्या नाटकाच्या पैशावर घर चालवणाऱ्या नटांचे व वादकांचे उत्पन्न थांबले.