देशी भुट्ट्याचाच कीस का घट्ट होतो

पावसाळ्यात इंदूरच्या हातगाड्यांवर दोन प्रकारचे भुट्टे शेजारी-शेजारी असतात. देशी भुट्टा फिकट, पांढरट-पिवळा आणि दाण्यांच्या ओळी जरा वाकड्यातिकड्या असलेला. स्वीट कॉर्न पिवळाधमक, टपोरा आणि महाग. कीस करायचा असेल तर देशीच घ्या, असं इथल्या मराठी घरातली कुठलीही आजी सांगेल. स्वीट कॉर्नचा कीस कितीही परतला तरी सैलच राहतो, वर गुळमट लागतो. आजीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि त्याचं कारण मक्याच्या जनुकांत आहे.

माळव्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर कोवळा भुट्टा किसणीवर किसायचा, तुपात जिरं-मोहरी-हिंग-हिरवी मिरचीची फोडणी करून त्यात परतायचा, मग दूध घालून शिजवायचा. वरून लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. इंदूरच्या सराफा बाजारात रात्री द्रोणातून मिळतो तोच हा पदार्थ, पण घरचा जास्त मऊ असतो आणि मसाला बेताचा. पारंपरिक म्हणायचा तर त्यातला मका आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. मेक्सिकोत सुमारे 9000 वर्षांपूर्वी रानटी गवतापासून मका घडवला गेला. आपल्याकडे तो पोचला कोलंबसानंतर. म्हणजे किसाची परंपरा फार तर काही शतकांची. त्याने चवीत काही फरक पडत नाही म्हणा!

आता दाण्याकडे वळू. मक्याची पानं साखर तयार करतात आणि ती दाण्यात येते. दाण्यातली एन्झाइम्स त्या साखरेचे रेणू एकमेकांना जोडून स्टार्च बनवतात आणि तो बारीक कणांच्या रूपात साठवतात. कणसाला केस फुटल्यावर साधारण तीन आठवड्यांनी दाणा अर्ध्या वाटेवर असतो: पाच भागांतले जवळजवळ चार भाग पाणी, उरलेल्यात थोडी साखर आणि बराचसा नुकता तयार झालेला स्टार्च. किसाला हवी ती हीच अवस्था.

भाजीवाल्याकडे काकू ती कशी ओळखतात ते बघण्यासारखं असतं. ‘भैया, पके हुए मत देना,’ असं एकीकडे बजावत त्या भुट्ट्याची सालं दोन बोटं सोलतात आणि मधल्या दाण्यात अंगठ्याचं नख रुतवतात. स्वच्छ पाणी उडालं तर भुट्टा फार कोवळा, अजून स्टार्च धरलेला नाही. पांढरं दूध आलं की तो पिशवीत. नखाला पिठूळ लगदा लागला तर भाजून खायला ठीक. आणि नख रुतलंच नाही तर भुट्टा परत गाडीवर. ते पांढरं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्टार्चचे कण. कृषिशास्त्रातही या अवस्थेला दुधाळ अवस्थाच म्हणतात आणि शेतात ती अशीच नखाने तपासतात.

स्वीट कॉर्नमध्ये साखरेचा स्टार्च होण्याची ही प्रक्रियाच मध्ये तुटलेली असते. हल्ली बाजारात येणाऱ्या अतिगोड जातींमध्ये बहुतेक करून ‘श्रंकन-2’ नावाच्या जनुकात बिघाड असतो. स्टार्च बांधायच्या पहिल्या महत्त्वाच्या टप्प्याला लागणारं एन्झाइम त्यामुळे नीट तयार होत नाही. साखर येत राहते, पण तिचा स्टार्च फारसा होत नाही, म्हणून दाणा गोड. वाळल्यावर मात्र आत भरायला काही नसल्याने तो सुरकुतून आत बसतो. ‘श्रंकन’, म्हणजे आक्रसलेला, हे नाव त्यावरूनच पडलं. या दाण्याची गोडी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लाफनन यांनी 1953 मध्ये नोंदवली आणि त्यातून आजचा अतिगोड मका उभा राहिला. व्यापाऱ्यांना तो आवडतो, कारण तोडल्यावरही त्याची गोडी टिकते. साध्या गोड मक्याची 30 अंश तापमानाला एका दिवसात जवळजवळ निम्मी साखर जाते. सलाडमध्ये, सूपमध्ये स्वीट कॉर्न खुशाल घाला. किसाला मात्र साखर घट्टपणा देत नाही.

घट्टपणा येतो तो कढईत. मक्याचा स्टार्च साधारण 62 ते 72 अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो. कण फुटू लागतात, आतल्या साखळ्या बाहेर येऊन एकमेकींत गुंततात आणि पातळ रबडीसारखं दिसणारं मिश्रण पाच मिनिटांत पळीला चिकटायला लागतं. आधी तुपात परतण्याने कणांवर स्निग्धांशाचा पातळ थर बसतो, म्हणून नंतर दूध घातल्यावर गुठळ्या होत नाहीत. त्याच वेळी घरभर जो वास पसरतो त्यात डायमिथाइल सल्फाइड या गंधकयुक्त वायूचा मोठा वाटा असतो. भुट्टा उकडतानाचा वासही त्याचाच. तळाला लागलेली तपकिरी खरवड ही दुधातली साखर आणि प्रथिनं यांची करामत. ती मुलांआधी आपण खाऊन टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

किसणीचं महत्त्व लोक विसरतात. दाण्याची साल तंतुमय आणि चिवट असते. किसणी दाणा फाडते, आतलं दूध खाली पडतं आणि बरीचशी साल कणसालाच चिकटून राहते. मिक्सरमध्ये सालीसकट सगळं वाटलं जातं आणि दातात येतं. हात दुखतो हे मान्य.

दूध घालण्यामागे पोषणाचा हिशोब कुणी केला नसेल, पण तो बरोबर जुळतो. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्लं कमी असतात. त्यात पक्व मक्यातलं नायसिन हे ब जीवनसत्त्व शरीराला सहज मिळत नाही, म्हणून केवळ मक्यावर जगणाऱ्यांमध्ये पेलाग्रा हा रोग पसरायचा. दुधात ही दोन्ही आम्लं भरपूर असतात आणि ट्रिप्टोफॅनपासून शरीर थोडं नायसिन स्वतःही तयार करतं.

लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावरच. गरम दुधात आंबट पडलं की त्यातलं केसिन हे प्रथिन आकसून चोथा वेगळा होतो. कीस घट्ट झाल्यावर मात्र स्टार्चच्या जाळ्यात अडकलेले केसिनचे कण एकत्र येऊ शकत नाहीत, त्यामुळे लिंबू निमूटपणे मुरतं.

उरलेला कीस दुसऱ्या दिवशी वडीसारखा कापता येतो. थंड होताना स्टार्चच्या साखळ्या पुन्हा शिस्तीत रांगा लावतात आणि पाणी बाहेर ढकलतात. फ्रिजच्या तापमानाला तर हे आणखी झपाट्याने होतं. दुधाचा हबका मारून गरम केला तर फांद्या असलेल्या साखळ्या परत सुटतात. सरळ साखळ्या, म्हणजे सुमारे चौथा हिस्सा, घरच्या आचेला दाद देत नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवशीचा मऊपणा पुरता येत नाही. असा कीस थालीपिठाच्या पिठात मळून टाकावा.