करंगळी सोडून बाकीची बोटं

सातवा-आठवा महिना लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कित्येक गरोदर बायकांचं एक गाऱ्हाणं असतं. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की जरा बरं वाटतं. सकाळी भाकरी थापताना अंगठ्यात जोर राहत नाही, हातातली कपबशी निसटते. घरात कुणी म्हणतं वात आहे, कुणी म्हणतं रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या तर घ्यायच्याच, पण या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा मनगटात असतं. त्याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. आठ छोट्या हाडांची कमान आणि तिच्यावर ताणून बसवलेला जाड, चिवट पट्टा. त्यातून बोटं मिटवणारे नऊ स्नायुरज्जू जातात आणि त्यांच्याच दाटीत मीडियन नावाची नस, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. गरोदरपणात अंगातलं पाणी साधारण 6 ते 8 लिटरनं वाढतं. स्नायुरज्जूंभोवतीची आवरणं फुगतात, बोगदा मात्र ताणत नाही. दाब येतो तो नसेवर. तिचा रक्तपुरवठा कमी पडला की बोटं बधिर होतात.

बाईला विचारायचा सगळ्यात मोलाचा प्रश्न हा, की नेमकी कुठली बोटं? ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळीची नस बोगद्याबाहेरून जाते, म्हणून करंगळी सुटते. ‘अख्खा हात मेल्यासारखा होतो’ म्हणणारीलाही एकेक बोट धरून विचारलं की बऱ्याचदा हा फरक तिचा तिलाच जाणवतो. करंगळीच जास्त बधिर असेल, तर दुखणं कोपरात किंवा मानेत शोधावं लागतं.

रात्रीच त्रास का वाढतो? झोपेत मनगट दुमडलं जातं आणि बोगद्यातला दाब आणखी चढतो. शिवाय दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर अंगभर पसरतं. जॉर्ज फेलन या अमेरिकी शल्यविशारदाच्या नावानं ओळखली जाणारी तपासणी यावरच बेतलेली आहे: दोन्ही मनगटं दुमडून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायच्या, मुंग्या आल्या तर संशय बळावतो.

हीच नस अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्याला चालवते. ती दबली की चिमूट सैल पडते. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते आणि विडी वळायची ती अंगठा आणि बोटांनीच. तिच्यासाठी ही मजुरीतली थेट घट आहे. ‘बाळंत झालीस की जाईल’ एवढ्यावर तिला परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं.

कारण पहिला उपाय अगदी साधा आहे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, रात्री बांधून झोपायचं. तो आवळून बांधायचा नाही. एवढ्यानं पुष्कळ जणींची झोप परत येते. नाहीच भागलं तर डॉक्टर मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ शकतात. गरोदरपणात शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी मनानं आणून घेऊ नका. विशेषतः 20 आठवड्यांनंतर तिचा परिणाम बाळाच्या मूत्रपिंडांवर होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. लघवी वाढवून सूज उतरवणारी गोळीही मनानं नको. थायरॉइड आणि साखर तपासलेली असावी, त्यांच्यामुळेही ही नस दबते.

एका गोष्टीला मात्र थांबायचं नाही. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर हा रक्तदाब वाढल्याचा धोका असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर तासाचाही उशीर नको.

बाळंतपणानंतर पाणी उतरतं आणि बहुतेक जणींचा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. काहींचा अंगावर पाजतानाही रेंगाळतो. बधिरपणा दिवसभर टिकू लागला किंवा अंगठ्याचा उंचवटा सपाट दिसू लागला, तर नसेची तपासणी करून घ्यावीच. फार दिवस दबलेली नस पूर्ण सावरेलच असं नसतं. आपल्याकडे अडचण अशी की माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे असलं की ऐन शेवटच्या महिन्यांत डॉक्टर बदलतो. तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकातल्या गरोदर बाईच्या सरकारी नोंदकार्डावर, रक्तदाब असतो, वजन असतं, पण बोटांचं दुखणं कुणी लिहिलेलंच नसतं. तेव्हा इकडच्या डॉक्टरांकडून ते कार्डावर लिहून घ्या: कुठली बोटं, कधीपासून, पट्ट्यानं किती फरक पडला.