मक्ता सुटला, सक्तमजुरी राहिली : अमेरिकेच्या दक्षिणेतील कैद्यांच्या श्रमाची पार्श्वभूमी

३१ मार्च १९०९ रोजी जॉर्जिया राज्यात कैदी खासगी मालकांना मक्त्याने राबायला देण्याची पद्धत बंद झाली. त्याआधी चाळीस वर्षे तिथल्या वीटभट्ट्या, कोळशाच्या खाणी, लाकडाचे कारखाने आणि टर्पेंटाइनची जंगले राज्याच्या कैद्यांवर चालत होती. मक्ता संपला, तरी पायातल्या बेड्या निघाल्या नाहीत. हेच कैदी काउंट्यांच्या, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यांच्या, रस्त्यांवर खडी फोडायला आणि माती ओढायला गेले, आणि त्या काळात ही सुधारणा मानली गेली. असे का झाले, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

१८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, पण एक अपवाद ठेवला : रीतसर गुन्हा शाबित झालेल्याला शिक्षा म्हणून सक्तीने राबवता येईल. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील राज्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या. जॉर्जियाचा मोठा तुरुंग १८६४ मध्येच जळाला होता. तेव्हा १८६८ मध्ये १०० कैदी वर्षभरासाठी २,५०० डॉलरला एका रेल्वेच्या कामावर दिले गेले. तुरुंग बांधायचा खर्च वाचला, वर पैसे मिळाले, आणि शेजारच्या राज्यांनीही हाच मार्ग धरला. माणसे कमी पडू नयेत याची सोय कायद्यांनी केली. कामधंद्याविना फिरणे हाच गुन्हा ठरला. मिसिसिपीत १८७६च्या कायद्याने डुकराची किंवा गुराची चोरी, अथवा दहा डॉलरच्या मालाची चोरी, ही पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची मोठी चोरी झाली. सापडणारे बहुतेक काळे, कालपरवापर्यंत गुलाम असलेले लोक होते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा जॉर्जियातील मक्ता सुरू होऊन पाच वर्षे झाली होती. ती कृतज्ञता अस्थानी नव्हती. त्या लोकांनी खरोखरच मोठी किंमत मोजून गुलामगिरी मोडली होती. घटनेतल्या एका उपवाक्यातून काय वाट निघाली, ते त्या वेळी आपल्याकडे दिसणे कठीण होते.

मक्तेदाराचा हिशेब गुलामाच्या मालकापेक्षाही कठोर होता. गुलामात मालकाचे भांडवल अडकलेले असे. तो मेला तर नुकसान मालकाचे. मक्त्याचा कैदी मेला तर राज्याकडून दुसरा येई. त्यामुळे अन्न, औषध, विश्रांती यांवर खर्च करायला मक्तेदाराला काही कारणच उरत नसे. भरीस भर म्हणजे अनेक ठिकाणी शेरीफ (काउंटीचे पोलीसप्रमुख) आणि छोट्या न्यायालयांचे अधिकारी पगारावर नव्हे तर फीवर जगत. दंडापेक्षा कोर्टखर्च मोठा व्हायचा आणि तो फिटेपर्यंत माणूस राबायचा.

अटलांटाजवळची चॅटाहूची ब्रिक कंपनी हे याचे ठळक उदाहरण. पुढे शहराचे महापौर झालेले जेम्स इंग्लिश यांनी १८७८ मध्ये ती काढली. कैदी माती खणत, कच्च्या विटा वाहत, भट्टी लावत आणि ती पुरती गार होण्याआधीच रिकामी करत. भट्टी जितकी लवकर मोकळी होईल तितके वर्षाचे घाणे वाढतात. त्यामुळे उत्पादनाचा सगळा दाब शेवटी गरम विटा उचलणाऱ्या हातांवर येई. या विटा अटलांटाच्या इमारतींत आणि रस्त्यांत गेल्या.

१९०८च्या उन्हाळ्यात जॉर्जियाच्या विधिमंडळाच्या समितीसमोर फटके, उपासमार आणि मृत्यू यांच्या साक्षी झाल्या आणि वर्तमानपत्रांनी त्या छापल्या. लोकांचा संताप खरा होता. पण मक्ता नेमका तेव्हाच सुटला, याला व्यवहाराची कारणेही होती. मक्त्याचे दर चढत गेले होते, आणि १९०७च्या आर्थिक घबराटीनंतर मक्तेदारांची मागणी पडली. दुसरीकडे रस्त्यांची ओरड वाढत होती. खेड्यांत घरपोच टपाल आले, मोटारी आल्या, कापूस रेल्वे स्टेशनापर्यंत वेळेत पोचवायचा होता. तोवर रस्त्यांची देखभाल वेठीवर चाले : प्रत्येक धडधाकट पुरुषाने वर्षातून काही दिवस आपले फावडे घेऊन यायचे किंवा पैसे भरून सुटायचे. अशा कामाने चर बुजत आणि पुढच्या पावसात रस्ता पुन्हा चिखल होई. रोज हजर राहणारी, पळू न शकणारी टोळी काउंटीला हवी होती. कायद्याने कैदी काउंट्यांना वाटून दिले.

दक्षिणेत खडीचा रस्ता सगळीकडे परवडत नसे. तिथे वाळू आणि चिकणमातीचा रस्ता चाले, आणि त्याची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. भार वाळू पेलते, चिकणमाती तिला धरून ठेवते. वाळूच्या कणांत साधारण ३० ते ४० टक्के पोकळी असते. ती भरेल एवढीच माती हवी. वाळवट जमिनीवर आधी बुंधे काढून मधोमध उंचवटा द्यायचा आणि कडेला चर खणायचे. मग सहा ते आठ इंच चिकणमाती पसरायची, कडांकडे पातळ करत. वर वाळू टाकायची. पाऊस पडला की नांगर आणि तव्यांचा कुळव फिरवून कणीक मळावी तसे ते मिश्रण मळायचे. जिथे चिकटेल तिथे आणखी वाळू टाकायची. शेवटी आकार द्यायचा, आणि पुढे प्रत्येक पावसानंतर फाडलेल्या ओंडक्यांची फळी खेचरांकडून ओढून वर सपाटी करायची.

बिघडते ते मळण्यात. कोरड्यात मळले तर ढेकळे तशीच राहतात आणि पहिल्या पावसात चाकोऱ्या पडतात. माती जास्त झाली तर चिखल, कमी झाली तर उन्हाळ्यात वाळू सुटी होऊन चाके रुततात. पाण्यात झटकन विरघळणारी माती मिसळायला सोपी, पण पकड कमी. घट्ट गोळा राहणारी माती मळायला जिवावर येते, पण रस्ता टिकतो. म्हणजे साहित्य जवळपास फुकट आणि मेहनत अफाट. सक्तीच्या मजुरांना जुंपायला यापेक्षा सोयीचे काम नव्हते.

हे मळणे ऐन चिखलात व्हायचे, आणि माणसांच्या घोट्यांना बेड्या असत. लोहार त्या रिव्हेटने ठोकून बसवी. दोन घोट्यांमधली साखळी इतकी आखूड की पूर्ण पाऊल टाकता येत नसे. बेडी दिवसरात्र पायातच राही, त्यामुळे लोखंडाखाली घाम आणि माती साचून कातडी सोलवटे आणि जखम चिघळे. कैदी त्याला बेडीचे विष म्हणत. काम पुढे सरके तसा तळही हलवावा लागे, म्हणून चाकांवरचे लोखंडी पिंजरे आले : आत तीन थरांत फळ्या, एका पिंजऱ्यात दीड डझन माणसे, कोपऱ्यात बादली. इतर तळांवर रात्री सगळ्यांच्या बेड्यांतून एकच लांब साखळी ओवत. आग लागली तर सुटायला वाव नव्हता.

सक्ती एवढी क्रूर असायलाच हवी होती असे नाही. कोलोरॅडोत तुरुंगाचे वॉर्डन (प्रमुख) थॉमस टायनन यांनी १९०९ पासून कैद्यांच्या शब्दावर भरवसा ठेवून रस्त्यांचे तळ चालवले. कामाच्या बदल्यात शिक्षेत सूट मिळे, आणि डोंगरातले रस्ते झालेही.

मिसिसिपीने शेतीचा मार्ग धरला. १८९०च्या राज्यघटनेने तिथे मक्ता बंद ठरवला, आणि १९०१ पासून सनफ्लॉवर काउंटीत तुरुंगाच्या शेतीसाठी पार्चमनची जमीन घेतली गेली. पुढे ती सुमारे २०,००० एकर झाली. तुरुंगाला भिंत नव्हती. शेतात विखुरलेले तळ होते. १९०५ मध्ये राज्याला तिथून सुमारे १,८५,००० डॉलर नफा झाला. कापसाला वर्षातून दोनदा हातांची टंचाई भासते, मे-जूनमध्ये विरळणी-खुरपणीला आणि सप्टेंबरपासून वेचणीला. मोकळा मजूर नेमका त्याच वेळी दर वाढवून मागतो. पार्चमनला ती अडचण नव्हती. राज्याला मात्र कापसाच्या भावाची चटक लागली. भाव पडला की तुरुंगाचे उत्पन्न पडे, आणि पहिली काटछाट कैद्यांच्या ताटात होई.

पहारा कैद्यांकडूनच घेत. बंदूकधारी ‘ट्रस्टी’ हे स्वतः शिक्षा भोगणारे, पुष्कळदा खुनाच्या गुन्ह्यातले. आपल्याकडच्या तुरुंगांतही कैद्यांतून वॉर्डर नेमत, पण त्यांच्या हाती दंडुका असे. पार्चमनच्या शेतात एक रेषा ठरलेली असे. परवानगीशिवाय ती ओलांडणाऱ्यावर गोळी सुटे. पळणाऱ्याला टिपणाऱ्या ट्रस्टीला माफी मिळण्याची शक्यता असे, यातच सगळी विकृती आली. शिक्षेचा पट्टा जाड चामड्याचा, ‘ब्लॅक ॲनी’ नावाचा. कुदळी गाण्याच्या ठेक्यावर पडत. एकाने ओळ टाकायची आणि रांगेने उचलायची, आपल्या भलरीसारखी. ठेका धरला की शेजाऱ्याचे हत्यार पायावर येत नाही, आणि थकलेला कोण हे मुकादमाला चटकन ओळखू येत नाही.

फ्लोरिडाने १९२३ मध्ये मक्ता थांबवला, तोही तिकिटाविना गाडीत चढल्याबद्दल पकडलेला नॉर्थ डकोटाचा २२ वर्षांचा गोरा तरुण मार्टिन टॅबर्ट लाकडाच्या तळावर फटक्यांनी मेल्यावर. असे असंख्य काळे तरुण आधी मेले होते. अलाबामाने सर्वांत शेवटी, १ जुलै १९२८ रोजी, खाणींतून कैदी काढले. नॉर्थ कॅरोलिनात १९३१ मध्ये काउंट्यांचे रस्ते आणि त्यांवरचे कैदी राज्याच्या महामार्ग खात्याकडे गेले. १९३३ मध्ये तुरुंग आणि महामार्ग यांचे एकच खाते झाले. जॉर्जियातील बेड्या १९४० च्या दशकात निघाल्या. पार्चमनमधील बंदूकधारी कैदी-पहारेकऱ्यांची पद्धत ‘गेट्स विरुद्ध कॉलियर’ या खटल्यात १९७२ मध्ये बेकायदा ठरली.

२०१८ मध्ये टेक्ससमधील शुगर लँड येथे शाळेच्या इमारतीचे खोदकाम चालू असताना ९५ थडगी सापडली. उसाच्या मळ्यांत मक्त्याने राबवलेल्या कैद्यांची ती होती. त्याच वर्षी कोलोरॅडोच्या मतदारांनी राज्यघटनेतून शिक्षेचा अपवाद काढून टाकला. नेब्रास्का, युटा, अलाबामा, टेनेसी, ओरेगॉन आणि व्हरमाँट यांनीही नंतर तेच केले. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये तसाच प्रस्ताव मतदानात पडला. केंद्राच्या तेराव्या दुरुस्तीत ते उपवाक्य १८६५ पासून तसेच आहे.