केली, शॉन

केली, शॉन (२४ मे १९५६ – ). आयर्लंडचे सायकल शर्यतपटू. मूळ नाव जॉन जेम्स. वडीलही जॉनच, म्हणून घरात घोटाळा नको यासाठी ‘शॉन’. हे जॉनचेच आयरिश रूप. कॅरिक-ऑन-शूर या गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात ते वाढले. वडील आजारी पडल्यावर तेराव्या वर्षी शाळा सुटली, पुढे गवंडीकामही केले.

१९७५ मध्ये खोट्या नावाने दक्षिण आफ्रिकेत शर्यत खेळल्यामुळे त्यांच्यावर बंदी आली आणि माँट्रियल ऑलिंपिक हुकले. मग ते हौशी खेळाडू म्हणून फ्रान्समधील मेत्सला गेले. संघचालक झाँ द ग्रिबाल्डी छोट्या विमानाने त्यांना शोधत आयर्लंडला आले, तेव्हा केली ट्रॅक्टर चालवत होते. १९७७ पासून ते व्यावसायिक झाले.

सुरुवातीला त्यांची ओळख शेवटच्या धावेत वेगवान एवढीच होती. ती बदलली पॅरिस–नीस शर्यतीने. आठवडाभराची ही शर्यत त्यांनी १९८२ ते १९८८ अशी सलग सात वर्षे जिंकली. टूर द फ्रान्समध्ये गुणांत पहिल्या येणाऱ्याची हिरवी जर्सी चार वेळा मिळवली, पण एकूण क्रमवारीत चौथ्या स्थानापलीकडे (१९८५) मजल गेली नाही. लांब चढणीचे घाट हे त्यांचे क्षेत्र नव्हेच. त्यांचे खरे राज्य होते एका दिवसाच्या मोठ्या शर्यतींत. पावसात, चिखलात, पॅरिस–रूबेच्या दगडी फरसबंदीवर. अशा पाच मानाच्या शर्यतींपैकी चार मिळून त्यांनी नऊ विजय मिळवले. पाचवी, टूर ऑफ फ्लँडर्स, तीनदा दुसऱ्या क्रमांकावरच अडली. १९८४ मधील पॅरिस–ब्रसेल्सनंतर उत्तेजक चाचणीत ते दोषी ठरले, हेही नोंदवायला हवे. त्यांनी आरोप नाकारला.

१९८७ मध्ये स्पेनची व्हुएल्टा शर्यत आघाडीवर असताना त्यांना सायकलच्या बैठकीने घासून झालेल्या गळवामुळे सोडावी लागली. पुढच्याच वर्षी त्यांनी ती जिंकली.

पाच मानाच्या शर्यतींपैकी इटलीतील मिलान–सॅन रेमो १९९२ मध्ये मात्र वेगळीच ठरली. केली पस्तिशीत, कारकीर्द उतरणीला लागलेली. शेवटच्या पोज्जो टेकडीवर इटलीचे मोरेनो अर्जेंटिन इतरांना मागे टाकून निसटले आणि माथ्यावर त्यांची आघाडी काही सेकंदांची होती. खाली वळणावळणाचा अरुंद रस्ता. केलींनी ब्रेक जेमतेम लावत, कठड्यालगत सायकल कलती करत अंतर मिटवले. शेवटच्या किलोमीटरमध्ये अर्जेंटिनना गाठून ते थोडा वेळ त्यांच्या मागे राहिले, दम घेतला आणि शेवटच्या धावेत पुढे निघाले. उतार हेही जिंकण्याचे हत्यार असते, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसले असेल.

१९९४ मध्ये ते निवृत्त झाले. रेडिओवरच्या मुलाखतीत प्रश्नाला नुसती मान हलवून उत्तर देणारा माणूस, असा विनोद ज्यांच्यावर होत असे, ते केली पुढे दूरचित्रवाणीवर सायकल शर्यतींचे समालोचन करू लागले. कॅरिक-ऑन-शूरमधील एका चौकाला त्यांचे नाव आहे.