लवेचा राठ केस होतो तेव्हा

माझी भाची जन्मली तेव्हा तिच्या कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर आणि पाठीवर बारीक काळी लव होती. बारसं झालं आणि आईने रोज अंघोळीआधी कणकेचा गोळा तेल-हळदीत बुडवून तिच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. "मुलीची जात, आत्ताच काढलेली बरी," असं शेजारच्या काकूही म्हणायच्या. महिन्या-दीड महिन्यात लव गेली आणि सगळं श्रेय त्या गोळ्याला मिळालं. ही लव बाळ पोटात असतानाच उगवते आणि जन्मानंतर काही आठवड्यांत आपोआप झडते. गोळा न फिरवलेल्या बाळांचीही झडतेच.

एकोणीस वर्षांनी हीच भाची दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या होस्टेलवरून माझ्याकडे आली होती. सकाळी बराच वेळ ती बाथरूममधून बाहेर येईना म्हणून हाक मारली. दार उघडलं तर ती खिडकीच्या उजेडाकडे मान वर करून उभी, एका हातात आरशासारखा धरलेला मोबाइल, दुसऱ्या हातात चिमटा. हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेने काळे ठिपके, दोन ठिकाणी पिकलेले फोड, बाकी तपकिरी डाग. "मावशी, रोज दहा-बारा येतात," ती म्हणाली. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "नववीत असताना एकदा बाबांचं रेझर लावलं होतं. त्यामुळेच झालं ना हे?"

पाच वर्षं ती हा अपराध मनात घेऊन वावरत होती. तिला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

केस वाढतो तो त्वचेच्या आत, रोमकूपात, म्हणजे तो जिथून उगवतो त्या बारीक पिशवीत. बाहेर जो दिसतो तो मेलेल्या पेशींचा, केराटिनचा धागा. ब्लेड तो धागा कापतं. खाली मुळाला त्याची खबरही लागत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. कापल्यावर ते बोथट होतं आणि खुंट बोटाला टोचतो, म्हणून केस जाड झाल्यासारखा वाटतो. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून दाखवलं होतं की वस्तऱ्याने केसांची जाडीही वाढत नाही आणि वाढीचा वेगही नाही. शंभर वर्षं होत आली, तरी आपल्याकडे "ब्लेड लावू नको, दाढी येईल" हे वाक्य आईकडून मुलीकडे तसंच चालत आलं आहे. यात वयाचाही घोळ आहे. मुली पहिल्यांदा रेझर हातात घेतात त्याच वयात हार्मोन जागी होतात. केस पुढे वाढणारच होते. ठपका रेझरवर येतो.

माणूस अंगावर सुमारे ५० लाख रोमकूप घेऊन जन्मतो आणि पुढे नवा एकही तयार होत नाही. बाईच्या आणि पुरुषाच्या चेहऱ्यावर ते साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्यांतून काय उगवतं याचा. एका प्रकारच्या रोमकूपातून लव येते: मऊ, फिकी, दोन मिलिमीटरच्या आतली. दुसऱ्यातून राठ, काळा, लांब वाढणारा केस येतो. आणि लवेचा रोमकूप आयुष्यात पुढे कधीतरी राठ केसाचा होऊ शकतो. वयात येताना काखेत हेच होतं, मुलाच्या गालावर हेच होतं.

हे रूपांतर घडवणारी हार्मोन म्हणजे अँड्रोजेन. टेस्टोस्टेरॉन त्यातलंच. "पुरुषी हार्मोन" हे त्याचं रूढ नाव मला मनापासून खटकतं, कारण त्यामुळे मुलींना आपण कुठेतरी कमी बाई आहोत असं वाटू लागतं. प्रत्येक बाईचं अंडाशय टेस्टोस्टेरॉन बनवतं, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीही बनवतात. पुरुषापेक्षा कितीतरी कमी, पण बनवतात, आणि शरीराला त्याची गरजही असते. रक्तातून ते रोमकूपापाशी पोचलं की तिथलं एक एन्झाइम त्याचं आणखी जहाल रूप करतं, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. ते रोमकूपाला मोठं करतं, केस वाढण्याचा काळ लांबवतं, त्यात काळा रंग भरतं. गंमत अशी की हेच हार्मोन डोक्यावर उलटं वागतं, तिथले रोमकूप आखडवतं. म्हणून एकाच मुलीची हनुवटी दाट होत जाते आणि भांग रुंद होत जातो.

हे एन्झाइम किती जोमाने काम करतं हे ज्याच्या त्याच्या घराण्यावर असतं. दोन मुलींच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन सारखंच असूनही एकीच्या ओठावर नुसती लव आणि दुसरीच्या हनुवटीवर राठ केस, असं होऊ शकतं. शिवाय अंगावरचे सगळे केस या हार्मोनचं ऐकत नाहीत. भुवया आणि पापण्या तर अजिबात नाही. कोपराखालचा हात आणि पोटऱ्या यांवरच्या केसांवरही त्याचा फारसा जोर चालत नाही. हातावर लव दाट आहे म्हणून घाबरून जाणाऱ्या मुलींनी एवढं लक्षात ठेवलं तरी बरीच काळजी मिटेल.

मग काळजी कुठल्या केसांची करायची? डेव्हिड फेरीमन आणि गॅलवे या इंग्लंडमधल्या दोघांनी १९६१ मध्ये त्यासाठी एक मोजपट्टी तयार केली. अंगाचे अकरा भाग घेऊन प्रत्येकाला ० ते ४ गुण द्यायचे. पुढे त्यांतून पोटरी आणि कोपराखालचा हात वगळले, उरले नऊ: वरचा ओठ, हनुवटी, छाती, वरचं पोट, खालचं पोट, दंड, मांड्या, पाठीचा वरचा भाग आणि कंबर. गुण फक्त राठ केसांना, लवेला नाही. बेरीज साधारण ८ च्या पुढे गेली की कारण शोधायचं. काही वंशांच्या स्त्रियांत ही सीमा ४ ते ६ इतकी खाली धरतात. पार्लरमधून थेट डॉक्टरांकडे गेलं तर मात्र मोजायला काही उरत नाही. तपासणीच्या आधी काही दिवस केस तसेच ठेवावे लागतात. मुलींना हेच सगळ्यात जड जातं.

राठ केस वाढलेल्या बहुतेक मुलींमध्ये कारण निघतं ते पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा अंडाशयाचा आणि हार्मोनचा बिघाड, आपल्या बोलण्यातलं पीसीओडी. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये सात स्त्रियांच्या नोंदींवरून ते प्रथम मांडलं. आज मूल होण्याच्या वयातल्या दर दहा जणींत साधारण एकीला ते असतं. नावात "सिस्ट" आहे म्हणून लोकांना अंडाशयात गाठी झाल्यासारखं वाटतं. त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेल्या स्त्रीबीजाच्या पिशव्या असतात. वयात येणाऱ्या मुलींमध्ये तशा पिशव्या एरवीही भरपूर दिसतात. म्हणूनच पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत निदानासाठी सोनोग्राफीवर विसंबू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. माझ्या भाचीची सोनोग्राफी सोळाव्या वर्षीच झाली होती. रिपोर्टवर पीसीओडी लिहून आलं आणि सल्ला मिळाला, "वजन कमी कर, लग्नानंतर सगळं सुरळीत होईल." तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते हे कुणी नीट लिहूनही घेतलं नव्हतं. हनुवटीबद्दल तिने सांगितलं नाही, आणि तिला कुणी विचारलंही नाही.

तिच्या मानेवर मागच्या बाजूला एक काळपट, मखमली पट्टा आहे. माझी बहीण तो मळ समजून वर्षानुवर्षं लिंबू-साखरेने घासत आली. पोरगी ओरडायची, मान लाल व्हायची, पट्टा तसाच. तो पट्टा मळाचा नसतो, शरीर इन्सुलिनला दाद देत नाही याची ती खूण असते. इन्सुलिनचा परिणाम होईना की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. ते जादा इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजेन बनवायला लावतं. दुसरीकडे यकृत एक प्रथिन कमी बनवू लागतं, टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि रोमकूपांपर्यंत पोचतं. मान आणि हनुवटी अशी एकमेकींशी जोडलेली असतात. भारतीयांमध्ये हा इन्सुलिनचा बिघाड वजन फार नसतानाही दिसतो, त्यामुळे "ती तर बारीक आहे, तिला कसलं पीसीओडी" या म्हणण्यात अर्थ नाही.

कारणं इतरही असतात. अ‍ॅड्रिनल ग्रंथीतला जन्मजात दोष, काही औषधं. काहींच्या रक्तात सगळं ठीक असतं आणि पाळीही वेळेवर येते, नुसते रोमकूपच जास्त संवेदनशील असतात. पण तीन-चार महिन्यांत भराभर केस वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या दोन्ही बाजूंना केस मागे हटू लागले, तर एक दिवसही घालवू नये. अँड्रोजेन बनवणारी गाठ क्वचितच असते, पण अशीच येते.

आपल्याकडे आणखी एक कारण मेडिकलच्या दुकानात मिळतं. खाज, पिंपल, काळे डाग, गोरेपणा अशा सगळ्यांवर चालणारी म्हणून एकमेकींच्या सांगण्यावरून लावली जाणारी ट्यूब. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, काही महिन्यांत कातडी पातळ आणि लाल होते आणि गालांवर केस येऊ लागतात. २०१८ मध्ये सरकारने स्टेरॉइडची अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती अजून सर्रास मिळतात. घरातल्या कपाटात असेल तर तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांतलं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका. बरेच महिने लावत असाल तर बंद कशी करायची तेही त्यांनाच विचारा.

उपचाराबद्दल मला मुलींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते: लवेचा एकदा राठ केस झाला की हार्मोन ताळ्यावर आली तरी तो सहसा पूर्ण लव होत नाही. औषध नवे केस राठ होणं थांबवतं, जुन्यांचा जोर कमी करतं. उरलेला केस हाताने किंवा यंत्रानेच काढावा लागतो. म्हणून नुसती औषधं घेणारी "काही फरक नाही" म्हणून दोन महिन्यांत सोडून देते, आणि नुसतं लेझर करणारीला एका बाजूने केस जाताना दुसऱ्या बाजूने नवे येताना दिसतात. दोन्ही बरोबर चालावं लागतं. औषधांत गर्भनिरोधक गोळ्या असतात, टेस्टोस्टेरॉनला बांधणारं ते प्रथिन वाढवणाऱ्या. कधी जोडीला स्पायरोनोलॅक्टोन, मुळात रक्तदाबाचं औषध, रोमकूपापाशी अँड्रोजेनची वाट अडवणारं. ते गर्भावर परिणाम करू शकतं, म्हणून ते मनाने कधीच घेऊ नये. कुठलंही घेतलं तरी फरक दिसायला सहा महिने लागतात, कारण केसाचं चक्रच तेवढं संथ आहे. वजन जास्त असेल तर थोडं उतरल्यानेही पाळी सुधारते, केसांवर मात्र त्याचा परिणाम बेताचाच होतो.

काढण्याचं म्हणाल तर रेझर किंवा छोटा ट्रिमर सगळ्यात निरुपद्रवी. चिमटा सगळ्यात वाईट, निदान आपल्या त्वचेला. उपटलेला केस कधी आतच वळतो, फोड येतो आणि आपल्या सावळ्या कातडीवर त्या फोडाचा डाग महिनोन् महिने राहतो. भाचीच्या हनुवटीवरचे तपकिरी ठिपके हे असे चिमट्याने आलेले होते. पिंपलसाठी रेटिनॉइडची (अ जीवनसत्त्वापासून बनवलेली) क्रीम लावत असाल तर चेहऱ्याला वॅक्स नको. मेणाबरोबर कातडीही सोलून निघते.

लेझरमागचं तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. ठरावीक लांबीची प्रकाशलहर काळ्या रंगाने शोषली की उष्णता फक्त तिथेच निर्माण होते, भोवतालचं वाचतं. केसातलं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तापतं आणि मूळ जळतं. आपली अडचण अशी की मेलॅनिन आपल्या कातडीतही भरपूर असतं. म्हणून आपल्याकडे लांब लहरीची लेझर बरी: ८०० नॅनोमीटरच्या आसपासचं डायोड किंवा १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग. ती वरच्या थराला कमी तापवून खोल जातात. एका वेळी फक्त वाढीच्या अवस्थेतलेच केस जळतात, त्यामुळे महिना-दीड महिन्याच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात. आधीचे चार-सहा आठवडे थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा बंद ठेवायचा, कारण मूळच उपटून टाकलं तर लेझर तापवणार काय? तेवढे दिवस फक्त रेझर चालतं. नेमकं तेच लावायला मुली घाबरतात. आणखी एक गोष्ट पॅकेज विकणारे सहसा सांगत नाहीत: बारीक लवेवर लेझर मारलं तर काही जणींत तीच लव राठ होते. चेहऱ्यावर, सावळ्या त्वचेत आणि पीसीओएस असलेल्यांत हे जास्त दिसतं. गालावरची मऊ लव लेझरने काढण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

नोव्हेंबरमध्ये मी भाचीला पुण्यात एका हार्मोनतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेले. आठ दिवस तिने चिमटा लावला नव्हता, आणि कॉलेजात आठही दिवस मास्क घालून बसली होती. बाईंनी दिवा जवळ ओढला, मास्क उतरवायला सांगितलं आणि ओठ, हनुवटी, पोट असे एकेक गुण कागदावर लिहिले. बेरीज ११. मग पाळीच्या तारखा विचारल्या, मान पाहिली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. सोनोग्राफी सांगितली नाही. भाचीने रेझरचं विचारलं तेव्हा बाईंनी तिच्याकडे नीट बघत "नाही गं बाळा" एवढंच म्हटलं, आणि ती तिथेच रडली.

मे महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, जुने आहेत तेवढेच आहेत, पण गळ्याकडे जे नवीन सुरू झाले होते ते थांबलेत." सकाळी ती ट्रिमर फिरवते, दोन मिनिटांचं काम. डाग फिके पडलेत. परीक्षा संपली की जूनमध्ये लेझरची पहिली बैठक आहे, फक्त हनुवटीची.