घरच्या पासवर्ड सर्व्हरबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड घरच्याच यंत्रावर ठेवायचे, असं तुम्ही ठरवत असाल तर काम सुरू करण्याआधी हे पत्रक घरातल्या आणखी एकाला तरी वाचायला द्या. का, ते पुढे येईलच.

आम्ही व्हॉल्टवॉर्डन बसवतो. बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपशी जुळणारा, पण त्या कंपनीने न बनवलेला हा मुक्त-स्रोत सर्व्हर आहे. २०२१ पर्यंत तो बिटवॉर्डन-आरएस नावाने ओळखला जायचा. तो इतका हलका आहे की रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर अख्ख्या कुटुंबाचं भागतं. मात्र डेटा मेमरी कार्डवर ठेवत नाही, एसएसडी म्हणजे जास्त टिकणारी डिस्क जोडतो. सतत लिहून लिहून ती कार्डं झिजतात आणि एक दिवस उघडतच नाहीत.

तिजोरीला, म्हणजे तुमच्या पासवर्डच्या साठ्याला, कुलूप लागतं ते तुमच्या फोनवर किंवा संगणकावरच. ती तिजोरी उघडणाऱ्या एकाच मुख्य, म्हणजे मास्टर पासवर्डवर मूळ सेटिंगनुसार ६ लाख फेऱ्यांची प्रक्रिया होऊन किल्ली तयार होते, आणि सर्व्हरकडे जातो तो कुलूपबंद मजकूर. म्हणून मास्टर पासवर्ड आम्हालाही सांगू नका. विसरलात तर तो आम्हाला काढून देता येणार नाही. सर्व्हर घरात आहे म्हणून पासवर्ड सोपा ठेवला तरी चालेल, असंही नाही. २०२२ मध्ये लास्टपास या ऑनलाइन पासवर्ड सेवेच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या. अशी प्रत हाती आली की चोर निवांत बसून अंदाज लावत राहतो. तिथे मास्टर पासवर्डच काय तो आडवा येतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द निवडा.

राउटरवर बाहेरच्यांसाठी दार उघडायचं आम्ही टाळतो. बाहेरून यायचं तर वायरगार्डमधून, म्हणजे घरापर्यंतच्या सुरक्षित खासगी जोडणीतून (व्हीपीएन). घरातल्या घरातही एचटीटीपीएस (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सुरक्षित जोडणी) लागतंच, कारण त्याशिवाय ब्राउझर कूटलेखन, म्हणजे मजकूर कुलूपबंद करणं, करूच देत नाही. त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र आपोआप नवं होईल अशी सोय करून देतो. वीज गेली, सर्व्हर बंद पडला, तरी लॉगिन केलेल्या ॲपमध्ये तिजोरीची शेवटची प्रत असते. पासवर्ड वाचता येतात, नवा साठवता येत नाही.

सगळ्यांची खाती उघडून झाली की नवीन नोंदणी बंद करतो. ज्याची त्याची तिजोरी वेगळी; वायफाय, वीजबिल असं सामाईक तेवढं एकत्र.

आता बॅकअप. खरं काम इथेच आहे. सर्व्हर चालू असताना डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली तर ती अर्धवट निघू शकते, म्हणून एसक्यूलाइट या डेटाबेसच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेने रोज रात्री प्रत काढतो. जोडलेल्या फाइलींचा फोल्डर आणि सर्व्हरच्या किल्ल्या सोबत. एक प्रत घरी, एक कूटबद्ध करून घराबाहेर. मग तुमच्यासमोर सर्व्हर बंद करतो, ती प्रत दुसऱ्या यंत्रावर चढवतो आणि तुम्हाला लॉगिन करायला सांगतो. तुमची एखादी नोंद उघडून दिसली की पुढे जातो.

शेवटी पाकीट. बिटवॉर्डनमधली आणीबाणी-प्रवेशाची (गरज पडल्यास विश्वासातल्या माणसाला तिजोरी उघडू देण्याची) सोय चांगली आहे, पण सर्व्हरच बंद असेल तर तिचा उपयोग नाही. म्हणून मास्टर पासवर्ड, दुहेरी पडताळणीचा (लॉगिनची दुसरी पायरी) रिकव्हरी कोड आणि बाहेरच्या बॅकअपची किल्ली कागदावर हाताने लिहा. शून्य आणि ओ, एक आणि एल ओळखू येतील असं लिहा. मग घरातल्या ज्या माणसावर उद्या ही वेळ येऊ शकते, त्याला फक्त कागद बघून लॉगिन करायला लावा. तुम्ही शेजारी गप्प बसा. तो अडखळला तर कागद पुन्हा लिहा. जमलं की पाकीट बंद करून ठेवा आणि मास्टर पासवर्ड बदलाल त्या दिवशी ते जुनं झालं असं समजा.

अपडेट महिन्यातून एकदा, आधी बॅकअप घेऊन. हे सांभाळणं जड वाटत असेल किंवा तुम्ही एकटेच असाल, तर सर्व्हर बसवू नका. कीपासएक्ससी या सर्व्हरशिवाय चालणाऱ्या पासवर्ड ॲपची एक कूटबद्ध फाइल आणि तिच्या दोन प्रती पुरतात, आणि ते आम्ही आनंदाने शिकवू.